दारव्ह्याहून चिखलदरा : एकतीस वर्षांनी त्याच रस्त्याने

मोठ्या बाबांच्या फियाटमध्ये डॅशबोर्डच्या कप्प्यात निळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही असे, आणि गाडी बाहेर जाऊन परत आली की त्या दिवसाची नोंद तीत उतरवल्याशिवाय ते हातपाय धुवायला जात नसत. वहीत त्यांनी फूटपट्टीने रकाने आखलेले होते : तारीख, कुठून कुठे, निघतानाचा आकडा, पोहोचतानाचा आकडा, पेट्रोल आणि शेवटी चालक. १९८४ पासूनच्या पानांवर चालकाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘स्वतः’ असे लिहिलेले आहे, क्वचित ‘ड्रायव्हर’ असे आहे, आणि १८ डिसेंबर १९९३ या तारखेपुढे पहिल्यांदा ‘पोरगी’ असा शब्द आहे. ती पोरगी मी. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि मोठ्या बाबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाच्या, हाताखाली गाडी शिकून मला दीड वर्ष झाले होते.

फियाट २००३ साली विकली गेली, पण वही त्यांनी ठेवून घेतली होती. दिवाळीच्या साफसफाईत ती वर आली, माझ्या लेकीने पाने चाळली, आणि त्या नोंदीतला प्रवास, म्हणजे दारव्हा तालुक्यातले आमचे गाव ते चिखलदरा, आपणही त्याच रस्त्याने करू या असे तिने सुचवले. तिचे वयही आज वीस आहे. लायसन्स हाती येऊन तिला आठ महिने झाले होते आणि तोपर्यंत तिने गाडी चालवली होती ती अमरावती शहरात. मोठे बाबा ८३ वर्षांचे आहेत. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर चार वर्षांपूर्वी त्यांनी आपणहून स्टिअरिंग सोडले. बरोबर यायला त्यांनी एकच अट घातली : समोर, चालकाच्या डावीकडे ते बसतील. २०२४ च्या डिसेंबरात, कापसाची वेचणी चालू असताना, आम्ही तिघे निघालो. मोठ्या आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती घरीच राहिली.

पहिला दिवस : गाव ते मूर्तिजापूर

सातला निघायचे ठरले होते, पण मोठे बाबा साडेसहालाच गाडीपाशी उभे होते. आमची आजची गाडी वॅगन आर आहे. तिचे बॉनेट उघडून रोज पाहावे असे फार थोडे उरले आहे, तरीही त्यांनी लेकीला बॉनेट उघडायला लावले, तेलाची पट्टी काढून, पुसून, पुन्हा घालून पातळी बघायला लावली आणि स्टेपनीत हवा आहे की नाही तेही तपासायला लावले. माझे शिक्षण इथूनच सुरू झाले होते. १९९२ च्या उन्हाळ्यात पहिले पंधरा दिवस त्यांनी माझ्या हाती किल्ली दिली नाही. रेडिएटरमध्ये पाणी भरणे, फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून त्याचा ताण पाहणे, बॅटरीच्या खान्यांत डिस्टिल्ड वॉटर घालणे, प्लग काढून पॉलिश पेपरने त्याचे टोक घासणे, ही कामे मी रोज सकाळी करीत असे आणि ते ओसरीवर बसून बघत असत. “गाडी कशानं चालते हे ज्याले ठाव नाही, त्याले ते काऊन थांबली हेही समजत नाही,” असे ते म्हणत. ते तेव्हा मला जाचक वाटले होते. पुढे शाळेच्या नोकरीत, आडरस्त्यावर, मदतीला माणूस नसताना, त्या पंधरा दिवसांचे मोल मला किती तरी वेळा कळले.

घरातल्या मुलीला गाडी शिकवायची, हा निर्णय त्या काळी आमच्या गावात सहज घेण्यासारखा नव्हता, आणि तो मोठ्या बाबांनी हौसेखातर घेतलेला नव्हता. १९९१ च्या श्रावणात एका रात्री मोठ्या आईला गोठ्यात साप चावला. मोठे बाबा एसटीने नागपूरला गेलेले होते, माझे वडील यवतमाळला होते, घरात आम्ही चार बायका होतो. अंगणात फियाट उभी होती, तिच्यात पेट्रोल होते, किल्ली खुंटीला होती. शेजारच्यांनी दमणी जुंपली आणि भर पावसात, चिखलातून, बैल हाकत मोठ्या आईला दारव्ह्याला नेले. पोहोचेपर्यंत पहाट झाली. ती वाचली. मोठे बाबा परतले तेव्हा कोणाला काही बोलले नाहीत, फक्त खुंटीवरची किल्ली काढून बराच वेळ हातात धरून बसले. पुढच्या उन्हाळ्यात आजीचा विरोध, भावकीची कुजबुज, यांपैकी कशालाही उत्तर न देता त्यांनी मला, माझ्या धाकट्या बहिणीला आणि खुद्द मोठ्या आईला शिकवायला घेतले. मोठ्या आईने लायसन्स काढले नाही, पण वावरातून घरापर्यंत जीप आणण्याइतकी ती शिकली. ज्या घराच्या अंगणात गाडी आहे, त्या घरातल्या प्रत्येक बाईला ती चालवता आलीच पाहिजे, या मताची मी तेव्हापासून आहे आणि शाळेतल्या मुलींना हे मी दरवर्षी सांगते.

पहिल्या दिवशी मीच चालवणार होते. दारव्हा सोडून कारंज्याच्या रस्त्याला लागल्यावर शकुंतलेचे रूळ कधी जवळ येतात, कधी दूर जातात, आणि काही ठिकाणी झुडपांत दिसेनासे होतात. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि पुढे अचलपूरपर्यंत जाणारी ही अडीच फुटी अरुंद मार्गाची गाडी एका खासगी ब्रिटिश कंपनीच्या मालकीची होती. गेली काही वर्षे ती बंद आहे. १९९३ च्या डिसेंबरात मात्र ती वाफेच्या इंजिनावर धावत होती. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले तिचे इंजिन १५ एप्रिल १९९४ ला काढून घेतले गेले आणि डिझेल इंजिन आले, म्हणजे आमच्या प्रवासानंतर चारच महिन्यांनी.

ते इंजिन मला जन्मभर लक्षात राहण्याचे कारण असे की त्याच्यासमोर माझी गाडी बंद पडली. रूळ रस्ता ओलांडतात अशा एका जागी शकुंतला रस्त्याच्या अलीकडे थांबली, गाडीतलाच एक माणूस उतरला, त्याने फाटक लावले, गाडी पुढे सरकली आणि थांबून तिने त्याला परत घेतले. हे सगळे होईपर्यंत मी इंजिन बंद करून थांबले होते. फाटक उघडल्यावर फियाट सुरू होईना. डिसेंबरच्या सकाळी थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावे म्हणून चोक ओढायचा, हे मला पाठ होते. पण इंजिन तापलेले असताना तो ओढायचा नसतो, हे घाईत विसरले, आणि कार्ब्युरेटरमधून जास्तीचे पेट्रोल आत गेले. मागे दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आणि एक ट्रक. ट्रकवाला हॉर्न देत होता. मोठ्या बाबांनी काच खाली केली, बाहेर पाहिले आणि मला एवढेच सांगितले, “दहा मिनिटं थांब. मंग एक्सिलेटर खालपर्यंत दाब, पंप नोको करू, आन् किल्ली मार.” दहा मिनिटे ते शेतातल्या तुरीकडे बघत बसले. त्यानंतर गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. लेकीला हा प्रसंग सांगताना चोक म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली, कारण तिच्या गाडीत पेट्रोल किती जायचे हे संगणक ठरवतो. तरी मागचा माणूस हॉर्न देत असताना दहा मिनिटे थांबता येणे हे आजही तितकेच कठीण आहे, असे ती म्हणाली ते मला पटले.

आमची फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाची. पण गावात तिला पद्मिनी कोणी म्हणत नसे. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर, पुढची सीट सलग, त्यामुळे शिकवणारा माणूस अगदी लगत बसे. तिचा पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय नीट पडत नसे, आणि जबरदस्ती केली तर आतून दात घासल्याचा आवाज येई. तो आवाज आला की मोठे बाबा डोळे मिटत. त्याहून मोठी शिक्षा मला त्यांच्याकडून झाल्याचे आठवत नाही.

कारंज्यात नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी, गुरुमंदिरात दर्शन घेतले आणि दुपारी निघून मूर्तिजापूरला मोठ्या आईच्या माहेरी मुक्काम केला. १९९३ सालीही मुक्काम इथेच होता. तेव्हा कापूस एकाधिकार योजना, म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस फक्त सरकारने विकत घेण्याची योजना, चालू होती आणि संकलन केंद्राबाहेर कापसाने भरलेल्या बंड्यांची रांग रात्रीसुद्धा रस्त्यावर असे. बैल सोडलेले, जू खाली टेकवलेले, मागे ना दिवा ना तांबडी फडकी. समोरून येणाऱ्याचा उजेड डोळ्यांवर आला की डिमर द्यायचा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवायची, आणि जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा, हे मी त्या संध्याकाळी शिकले. मोठ्या बाबांनी पुढच्या वर्षी सायकलला लावतात ती तांबडी रिफ्लेक्टरे डझनाने आणून गावातल्या बंड्यांच्या मागच्या फळीवर स्वतः ठोकून दिली होती.

दुसरा दिवस : मूर्तिजापूर ते परतवाडा

सकाळी स्टिअरिंग लेकीच्या हाती आले आणि मी मागे बसले. मूर्तिजापूरजवळून जाणारा अमरावती-अकोला महामार्ग आमच्या वेळी दोन पदरी आणि खड्ड्यांनी भरलेला होता. २०२२ च्या जूनमध्ये याच मार्गावर लोणी ते माना या भागात १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा विक्रम झाला. लेकीला त्या रस्त्याने सुसाट जावेसे वाटत होते, परंतु आम्हाला तो सोडून उत्तरेला दर्यापूरकडे वळायचे होते.

लाखपुरीपाशी पूर्णा ओलांडली की मुलूख सपाट होत जातो. हा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारट, माती काळी आणि खूप खोल, आणि ती पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते. तिच्यावर कितीही चांगला डांबरी रस्ता केला तरी दोन-चार पावसाळ्यांत तो लाटांसारखा वर-खाली होतो. खड्डा दिसतो, म्हणून चालक सावध होतो. ही लाट मात्र दिसत नाही, गाडी एकदम हवेत उचलली जाते आणि घाबरून नेमक्या त्याच क्षणी ब्रेक दाबला जातो. लेकीकडून तेच झाले. मोठे बाबा तिला म्हणाले, “वर असताना पाय मोकळा ठेव. गाडी खाली बसू दे, मंग काय करायचं ते कर.” तिने दोन-तीनदा तसे केले आणि वेग आपसूक कमी झाला.

या मातीचा दुसरा धडा मी आमच्याच वावरात शिकले. रब्बीचे पीक निघाल्यावर रिकाम्या वावरात मोठे बाबा मला जुनी महिंद्रा जीप चालवायला देत. तिथे अडवायला काही नव्हते, फक्त धुरा, म्हणजे शेताचा बांध, सांभाळायचा. एकदा वळवाचा पाऊस येऊन गेल्यावर जीप फसली आणि मी जोर लावत राहिले. चाक जागच्या जागी फिरत खाली गेले, थेट आसापर्यंत. त्यांनी मला उतरवले, धुऱ्यावरच्या तुराट्या आणि पऱ्हाट्या आणायला लावल्या, फावड्याने चाकापुढची माती काढायला लावली, काड्या चाकाखाली घालून दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हलक्या पायाने गाडी काढायला लावली. ओल्या काळ्या मातीत एक्सिलेटर दाबणे म्हणजे खड्डा खणणे, हे वाक्य मी नंतर किती जणांना सांगितले असेल त्याची गणती नाही.

दर्यापूरला चहा घेताना लेकीने माझ्या स्वतःच्या पहिल्या गाडीबद्दल विचारले. ती गाडी तिच्या जन्माच्या आधीच विकली गेली होती, त्यामुळे तिने तिचा फक्त फोटो पाहिलेला आहे. १९९९ साली मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते आणि शाळा घरापासून २२ किलोमीटर होती. पतसंस्थेचे कर्ज काढून मी १९९१ ची, पांढऱ्या रंगाची मारुती ८०० घेतली. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली, तो फोटो आमच्या घरी मोठ्या बाबांनी वर्तमानपत्रातून कापून ठेवला होता. तशी गाडी आपल्या मालकीची होईल असे तेव्हा घरात कोणालाच वाटले नव्हते. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर. फियाटनंतर तिचा क्लच दाबताना पाय इतका सहज आत गेला की काहीतरी तुटले असावे अशी मला शंका आली. मोठ्या बाबांनी तिचे दार लावून पाहिले, पत्र्यावर बोट वाजवून पाहिले आणि ते गप्प राहिले. त्यांना ती फार हलकी वाटली होती.

तिची खरी परीक्षा पांधणीत झाली. शाळेच्या वाटेवर शेवटचे तीन किलोमीटर पांधण रस्ता, म्हणजे शेतांमधून जाणारी कच्ची वाट होती, आणि बंड्यांच्या लोखंडी धावांनी पडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल होत्या की मारुतीसारखी जमिनीलगतची गाडी त्यांत उतरली तर तिचे पोट मधल्या उंचवट्याला घासणार. रविवारी मोठे बाबा माझ्याबरोबर आले, पांधणीतून आधी पायी चालले, आणि मग मला चाकोरी सोडून चालवायला शिकवले : एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरे कडेच्या गवतावर, आणि बंडी समोरून आली तर कुठे थांबायचे त्या तीन जागा आधीच ठरवलेल्या. काही वर्षे मी त्या रस्त्याने गेले. पावसाळ्यात मात्र गाडी डांबरी रस्त्यावरच्या एका ओळखीच्या घरी लावून पायी जात असे, कारण काही ठिकाणी गाडी नेऊ नये हेही त्यांनीच शिकवले होते.

अंजनगाव सुर्जीला पानमळे बघायला थांबलो, संध्याकाळी परतवाड्याला पोहोचलो आणि जेवून लवकर झोपलो. दुसऱ्या दिवशी घाट होता.

तिसरा दिवस : घाट आणि चिखलदरा

परतवाड्याहून चिखलदऱ्याला दोन रस्ते जातात, एक घटांगवरून आणि एक धामणगाव गढीवरून. वहीत धामणगाव गढी असे लिहिलेले होते, म्हणून आम्ही तोच घेतला. धामणगाव सोडले की सातपुडा समोर उभा राहतो. १८०३ च्या डिसेंबरात गाविलगडावर चाल करताना कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने जड तोफा याच बाजूने डोंगरात घातल्या. वाट नव्हती, ती सैन्याने स्वतः केली आणि तोफा हातांनी ओढत नेल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला. घाटाच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की त्या ओढणाऱ्या हातांची कल्पना येते.

घाट लेकीने चालवायचा की मी, यावर रात्री आमच्यात थोडी चर्चा झाली होती. अमरावतीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती शिकली त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक होते. शहरातल्या गर्दीत नवशिक्याला शिकवायचे तर ती सोय असलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात संशय नाही. परंतु तिथे शिकलेल्या मुलांना आपण थांबवलेली गाडी कोणती आणि दुसऱ्याने थांबवलेली कोणती हे नीट कळत नाही, असा माझा अनुभव आहे, आणि लेकीनेही तसेच सांगितले. मोठ्या बाबांनी आमचे बोलणे ऐकून घेतले आणि सकाळी किल्ली तिच्या हातात दिली.

पहिल्या काही वळणांना तिने गिअर उशिरा बदलला आणि इंजिन धापा टाकू लागले. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर खाली घ्यायचा, चढावर इंजिन कुंथायला लागल्यावर नाही, हे मला सांगायचे होते. माझे तोंड उघडले आणि तेवढ्यात माझी नजर दोन सीटांच्या मधे गेली. मोठ्या बाबांचा उजवा हात त्यांच्या उजव्या मांडीखाली होता. तळहात सीटला टेकलेला, वर मांडीचे वजन. डावा हात दाराच्या कठड्यावर मोकळा होता. मी गप्प बसले. पुढच्या वळणाआधी लेकीने आपणहून दुसरा गिअर घेतला.

१९९३ साली या घाटात माझी नजर रस्त्यावरून एकदाही हलली नव्हती, त्यामुळे ते तेव्हा कसे बसले होते हे मला माहीत असण्याचे कारण नव्हते. फियाटच्या सलग सीटवर त्यांच्या हातापासून स्टिअरिंग वीतभर अंतरावर होते. एका वळणावर मी चाक कमी फिरवले होते आणि गाडी दरीच्या बाजूला सरकत गेली होती. मी ते सावरले, पण सावरायला लागलेला वेळ मला आजही आठवतो. त्या सगळ्या वेळात त्यांचा हात पुढे आला नव्हता.

वरच्या टप्प्यात एका अवघड वळणावर बांबूने भरलेला ट्रक आमच्या पुढे थांबला, कारण समोरून एसटी उतरत होती. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी हा नियम आहे आणि तो शहाणपणाचाही आहे, कारण भरल्या गाडीला चढावर थांबून पुन्हा उठणे सर्वांत कठीण जाते. परंतु एसटीला मागे जायला जागा नव्हती, तेव्हा ट्रक थांबला आणि त्याच्यामागे आम्ही. आमच्या मागे एक जीप येऊन चिकटली. ट्रक हलला, लेकीने ब्रेक सोडून क्लच सोडायला सुरुवात केली आणि गाडी हातभर मागे घसरली. तिने पुन्हा ब्रेक दाबला. इंजिन बंद पडले. मागच्या जीपचा हॉर्न.

मोठे बाबा एकच शब्द बोलले, “वीट.”

आदल्या रात्री त्यांनी तिला विटेची गोष्ट सांगितलेली होती. आमच्या गावाबाहेर पाझर तलाव आहे, आणि त्याच्या बांधावर चढणाऱ्या वाटेवर ते माझी जीप मध्येच थांबवत, मागच्या चाकापासून चार बोटांवर एक वीट उभी ठेवत आणि बाजूला जाऊन उभे राहत. वीट न पाडता गाडी वर न्यायची. हँडब्रेक ओढलेला, क्लच हळूहळू सोडत आणायचा, इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडीचे नाक किंचित उचलले जाते तो क्षण ओळखायचा, आणि त्याच क्षणी हँडब्रेक सोडायचा. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा वीट पाडली. आठव्या दिवशी ती उभी राहिली आणि त्यांनी ती उचलून आणखी दोन बोटे जवळ ठेवली.

लेकीने हँडब्रेक ओढला, इंजिन सुरू केले, क्लच वर आणला. मला मागच्या सीटवर तो क्षण पाठीला जाणवला. गाडी एक बोटही मागे न जाता पुढे निघाली.

मोथ्याला थांबून रबडी खाल्ली. मोठ्या बाबांना गोड वर्ज्य आहे, तरी त्यांनी दोन चमचे घेतली आणि आम्ही ती बघितली नाही असे ठरवले. चिखलदऱ्यात दुपार गेली. महाराष्ट्रात कॉफीची लागवड झालेले हे ठिकाण म्हणून लेकीला कॉफीची झाडे बघायची होती, ती पाहिली, आणि उन्हे उतरताना गाविलगडाची तटबंदी दिसते तिथे गाडी लावून बसलो. १९९३ सालीही बसलो होतो. त्या वेळी मोठ्या बाबांनी थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला होता आणि गाडी चालवण्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि मी कितीतरी दिवस त्याचा अर्थ माझे काहीतरी चुकले असा लावला होता.

मी त्यांना हाताबद्दल विचारले. ते जरा अवघडले. मग म्हणाले, “हात मोकळा असला का तो मधात जातेच. तुह्या वेळी तर दोन्ही हात दाबून बसलो होतो. त्या वळणावर लय भेव वाटलं होतं मले.” ते घाबरले होते ही गोष्ट मला एकतीस वर्षांनी कळली. लेक थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग तिने त्यांना विचारले की आज किती वेळा भीती वाटली. “दोनदा,” ते म्हणाले. कोणत्या वळणांवर, ते मात्र त्यांनी सांगितले नाही.

चौथा दिवस : परत

उतरताना घटांगचा रस्ता घेतला आणि मी चालवले. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा मोठ्या बाबांचा नियम फियाटच्या काळात जिवावरचा होता, कारण तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि सतत दाबले तर ते तापून पकड सोडत. आजच्या गाड्यांचे ब्रेक चांगले झाले म्हणून हा नियम जुना झाला, असे मानणारी माणसे मला भेटतात. त्या दिवशीच घाटात एका वळणावर नवी कोरी गाडी कडेला उभी होती, तिच्या पुढच्या चाकांतून धूर येत होता आणि जळक्या ब्रेकचा तो विशिष्ट वास आमच्या बंद काचेतूनही आत आला. आम्ही थांबलो. त्यांना चाकांवर पाणी ओतण्यापासून अडवले, कारण तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडले तर ते वाकडे होते किंवा तडकते, आणि अर्धा तास तसेच थांबून मग दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला सांगितले.

परतवाडा, अमरावती, बडनेरा, मग नांदगाव खंडेश्वर. त्या तालुक्यात समृद्धी महामार्ग ओलांडला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. मोठ्या बाबांना तो पाहायचा होता, म्हणून क्षणभर थांबलो.

नेरच्या पुढे, दिवस मावळताना, लेकीने पुन्हा गाडी हाती घेतली, आणि या वेळी मोठे बाबा दमले होते म्हणून मागे आडवे झाले आणि समोर मी बसले. रस्त्याला लागून कापसाने भरलेल्या बंड्या गावाकडे परतत होत्या. समोरून ट्रॅक्टर, त्याला एकच दिवा, त्यामुळे ती मोटारसायकल की ट्रॅक्टर हे जवळ येईपर्यंत कळेना. लेकीने डिमर दिला, वेग कमी केला, पण माझ्या हिशेबाने पुरेसा कमी केला नाही, आणि माझा उजवा हात सीटवरून उठला. मी तो मांडीखाली घातला. बोटांना मुंग्या येईपर्यंत तो तिथेच राहिला आणि दारव्ह्याचे दिवे दिसल्यावर मी तो बाहेर काढला.

घरी मोठी आई ओट्यावर कंदिलाएवढा एक बॅटरीचा दिवा घेऊन बसली होती. तिने आधी नातीला जवळ घेतले आणि घाट कोणी चालवला ते विचारले. मोठ्या बाबांनी चप्पल काढायच्या आधी वही मागवली. फियाटच्या शेवटच्या नोंदीनंतर पाने कोरीच होती. त्यांनी त्यातल्या एकावर फूटपट्टीने नवे रकाने आखले, चष्मा लावला आणि लेकीला एकेक टप्प्याचा आकडा विचारत गेले. चालकाच्या रकान्यात ‘पोरगी’ आणि ‘नात’ असे टप्प्याप्रमाणे लिहिले. परतवाड्याला संध्याकाळी पोहोचल्यावर मीटर बघायचे आमच्याकडून राहून गेले होते. लेकीने फोनवर अंतर काढून तो आकडा जमवून देऊ केला. त्यांनी मान हलवली आणि तो रकाना मोकळा सोडून ते पुढच्या ओळीकडे वळले.